मदत हवी आहे: सोलर बंद करून पूर्ण रिकामा कसा करायचा?

मंडळी, जरा घाईत आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

गच्चीवर २०० लिटरचा, २० काचेच्या नळ्यांचा साधा सोलर वॉटर हीटर आहे. पंप नाही, प्रेशर नाही, वरच्या टाकीतून उताराने पाणी येतं. आत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंय, त्यामुळे सगळा सांगाडा महिनाभर बाजूला काढून ठेवावा लागेल.

काल थंड पाण्याचा कॉक बंद केला आणि बाथरूममधला गरम नळ सोडून दिला. बादलीभर पाणी आलं, मग नळ सूं-सूं करून कोरडा पडला. म्हणजे टाकी रिकामी झाली का? वर जाऊन टिचकी मारून पाहिली, तर आवाज बद्द येतो.

विचारायचं कारण असं, की मागे साफसफाईला आलेल्या माणसाने भर दुपारी खालचा प्लग उघडला आणि कढत पाणी त्याच्या पायावर आलं. तासाभराने पाणी परत सोडलं तेव्हा दोन नळ्या चट्‌-चट्‌ करून तडकल्या. "काचच खराब होती," असं म्हणून तो मोकळा झाला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

प्रतिसाद १

टाकी जवळजवळ भरलेलीच आहे. गरम पाण्याचा पाइप टाकीच्या वरच्या भागातून निघतो, कारण गरम पाणी वर चढतं. तुमच्या नळाला फक्त त्या तोंडापर्यंतचं पाणी आलं, बाकीचं आत तसंच आहे. तेव्हा सांगाड्याला अजिबात हात लावू नका, २०० लिटर म्हणजे २०० किलो वजन. टिचकीवर जाऊ नका. बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्यामध्ये फोम असतो, आवाज कसाही येईल.

आणि काच खराब नव्हती हो. नळीचा कोरडा पडलेला भाग उन्हात २०० अंशांच्या वर तापू शकतो, त्यात गार पाणी पडलं की तडकणारच.

सगळ्यात आधी कॉइलचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डातला स्विच) पाडा. नुसतं बाथरूममधलं बटण बंद करून भागत नाही, घरातलं कोणीतरी सवयीने दाबतं आणि कोरडी कॉइल जळते. एमसीबीला चिकटपट्टी लावून टाका.

प्रतिसाद २

रात्री रिकामा करा की, ऊनच नसतं. ताडपत्री वगैरे कशाला?

प्रतिसाद १

रात्रीही पाणी गरमच असतं, टाकी बनवलेलीच त्यासाठी असते. शिवाय पाना हातातून निसटला की अंधारात शोधत बसा. सूर्याला बटण नाही, म्हणून आधी नळ्या झाका. सूर्योदयापूर्वी जाड ताडपत्री टाकून दोरीने आवळा आणि थंड पाण्याचा कॉक परत उघडा. दोन दिवस घरात नेहमीसारखं गरम पाणी वापरत राहा. गरम नळाला कोमट-गार पाणी यायला लागलं की मग कॉक बंद करा आणि ड्रेन प्लगला (टाकीच्या खालच्या प्लगला) होज लावून पाणी गच्चीच्या नाळीत सोडा. हे चालू असताना खालचा गरम नळ उघडा ठेवा आणि व्हेंट पाइप (टाकीत हवा ये-जा करायची नळी) क्षाराने बुजलेला नाही ना, ते बघा. हवा आत गेली नाही तर आतली पातळ टाकी पिचकते.

प्रतिसाद ३

एक राहिलं. टाकी रिकामी झाली तरी नळ्या भरलेल्याच राहतात! त्या टाकीच्या खाली उतरत्या असतात, त्यांतलं पाणी प्लगमधून येत नाही. एकेका नळीत अडीच-तीन लिटर, म्हणजे तुमच्याकडे अजून पन्नासेक लिटर. हातमोजे घाला. नळी हलकेच फिरवत वर टाकीत ढकला, खालचं टोक सांगाड्यावरच्या आधाराच्या कपातून सुटलं की सावकाश खाली ओढा. जोर लावायचा नाही. बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा.

नळ्या काढल्याच आहेत तर खालच्या टोकाचा चंदेरी आरसा बघून घ्या. तो पांढरा पडला असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली, ती बदला.

(कोणाचा सोलर पंपाचा आणि अँटिफ्रीझ भरलेला असेल तर वरचं काही करू नका. त्यात दाब असतो आणि ते द्रव गटारात सोडायचं नसतं. तिथे माहितगार माणूसच बोलवा.)

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. तिसऱ्या दिवशी पहाटे केलं. प्लगमधून पाणी बराच वेळ येत होतं, शेवटी विटकरी गाळ आला, चांगला मूठभर. नळ्यांचं खरंच माहीत नव्हतं. पहिली काढली आणि सगळं पाणी चपलेत. सातव्या नळीचा आरसा पांढराफटक निघाला. मागे तडकलेल्या दोनच्या ही अगदी शेजारची.

परत भरताना ताडपत्री ठेवूनच भरायचं ना? आणि एमसीबी कधी चढवू?

प्रतिसाद १

हो, झाकूनच आणि पहाटेच. गरम नळ उघडा ठेवा, फुरफुर थांबून सलग धार आली की टाकी भरली. रिंगांपाशी गळत नाही ना ते पाहा आणि मगच ताडपत्री काढा. एमसीबी सगळ्यात शेवटी.