मदत हवी आहे: पुण्यात पाणी ९८ अंशांवरच उकळलं, लेकीने वहीत १०० लिहावं का?

नमस्कार मंडळी,

लेक दहावीत आहे. ‘उष्णता’ या धड्यातला अप्रकट उष्मा (बर्फ वितळताना किंवा पाण्याची वाफ होताना तापमान न वाढवता शोषली जाणारी उष्णता) तिला पाठ होता, पण पटत नव्हता. “खालून गॅस चालू आहे आणि तापमान वाढत नाही, असं कसं होईल?” हा तिचा प्रश्न. म्हणून रविवारी स्वयंपाकघरातच करून बघितलं.

बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडला, २५० ग्रॅम वजन करून पातेल्यात घेतला आणि लहान बर्नरवर अगदी मंद आचेवर ठेवला. थर्मामीटर प्रयोगशाळेतला, उणे १० ते ११० अंशांचा. ती दर मिनिटाला आकडा सांगत होती, मी ढवळत होते. सुरुवातीला उणे ३, लगेच ०, आणि मग तिथेच. तुकडे झिजत होते, पाणी वाढत होतं, पण पारा हलेना. एकदा २ दिसला तेव्हा लक्षात आलं की थर्मामीटरचा फुगा तळाला टेकलाय. उचलला तर परत ०. आठव्या मिनिटाला शेवटचा पापुद्रा वितळला आणि पारा चढायला लागला. “आई, सुटला!” म्हणून ओरडलीच ती.

तिथून उकळी फुटायला ११ मिनिटं लागली. पण फुटली ती ९८ वर. पाणी खळखळून उकळत होतं, गॅस मोठा करून पाहिला, तरी ९८.

शिकवणीच्या सरांना दाखवलं तर म्हणाले, थर्मामीटर खराब असेल, वहीत १०० लिही. ती हिरमुसली आहे. डोळ्यांनी पाहिलेला आकडा खोडायला तिचं मन तयार नाही, आणि मलाही तिला तसं सांगवत नाही. खरंच आमचं काही चुकलं का? आणि त्या ८ मिनिटांतली उष्णता गेली कुठे, हे तिला पटेल असं कुणी समजावून सांगेल का?

घाटमाथा
ताई, खोडू देऊ नका! थर्मामीटरने बर्फात ० दाखवलं, म्हणजे खालचं टोक तरी बरोबर आहे. आणि पुण्यात ९८ हेच उत्तर यायला हवं.

पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. १०० अंश हा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा आकडा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, आणि दर ३०० मीटरला उत्कलनांक (पाणी उकळतं ते तापमान) साधारण १ अंशाने उतरतो. महाबळेश्वरला करून बघा, ९५-९६ च्या आसपास येईल. मी नोकरीनिमित्त लेहला होतो, उंची सुमारे ३,५०० मीटर. तिथे पाणी ८८ च्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा तासन्‌तास उकळला तरी दाण्याला कणी राहायचीच. तिथे कुकरशिवाय गत्यंतर नाही. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून तेच पाणी १२० अंशांपर्यंत जातं.

परीक्षेतल्या गणितात मात्र १०० च घ्यायला सांगा. तिथे प्रमाण दाब गृहीत असतो.

खडूफळा
३१ वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. लेकीचं मनापासून कौतुक.

तापमान हे रेणूंच्या हालचालीचं माप. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठरलेल्या जागी बसलेले असतात, जागच्या जागी थरथरतात. ० अंशावर आल्यानंतर आत येणारी उष्णता ती थरथर वाढवत नाही, ती पकड सोडवण्यात खर्च होते. पारा फक्त थरथर मोजतो, म्हणून तो थांबलेला दिसतो. उष्णता नाहीशी झालेली नसते. तेच पाणी परत गोठवाल तेव्हा ती सगळी बाहेर येते.

आता तुमच्याच आकड्यांकडे बघा, फार सुंदर आलेत. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला लागते ती १ कॅलरी. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, आणि तेच पाणी ० वरून ९८ वर न्यायला ९८. म्हणजे पहिल्या कामाला ८ मिनिटं लागली तर दुसऱ्याला १० च्या आत लागायला हवीत. तुम्हाला ११ लागली. लेकीला विचारा, का? (थोडा विचार करू द्या, मगच पुढचं वाचून दाखवा.) पातेलं खोलीपेक्षा थंड होतं तोवर स्वयंपाकघरातली हवाही बर्फाला उष्णता देत होती. पातेलं तापल्यावर तेच पातेलं हवेला उष्णता द्यायला लागलं.

आणि बाष्पनाला १ ग्रॅमला ५४० कॅलरी. त्याच मंद आचेवर सगळं पाणी आटवायचं तर ५४ मिनिटं, प्रत्यक्षात जास्तच. वितळताना रेणूंची पकड सैल होते, वाफ होताना ती पार सुटते.

दोन वाट्या पोहे
यावरून एक काळजीचं. इडलीपात्राचं झाकण उघडताना वाफेने माझं मनगट भाजलं होतं. उकळतं पाणी याआधीही सांडलंय अंगावर, पण वाफेइतकं कधी भाजलं नव्हतं. हेच कारण का?

खडूफळा
हो ताई, हेच. १०० अंशांचं १ ग्रॅम पाणी अंगाच्या ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी देतं. वाफ आधी त्वचेवर पाणी होताना ५४० देते, मग वरचे ६३. झाकण नेहमी आपल्यापासून लांबच्या बाजूने उचला.

जुनं ते वाचतो
लेकीला जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. ग्लासगो, १७६० च्या दशकाची सुरुवात. तोवर समज असा की बर्फ ० ला आला की किंचित उष्णतेने भसकन वितळतो. ब्लॅक म्हणाला, तसं असतं तर वसंतात डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून दरवर्षी महापूर आले असते.

त्याने दोन सारखे काचेचे गोळे घेतले, एकात बर्फ, दुसऱ्यात तितक्याच वजनाचं बर्फगार पाणी, आणि एकाच खोलीत टांगले. पाणी ७ अंश फॅरनहाइट चढायला अर्धा तास लागला. बर्फाचं पाणी होऊन त्याच तापमानाला यायला साडेदहा तास. त्यावरून आलेला त्याचा आकडा आजच्या मापात १ ग्रॅम बर्फाला ७८ कॅलरींच्या जवळ जातो. गॅसही लागत नाही, घरी जरूर करा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. केलं!

दोन सारखे पेले, एकात १०० ग्रॅम बर्फ, दुसऱ्यात १०० ग्रॅम गार पाणी, पंखा बंद. पाणी १ वरून ८ अंशांवर यायला १४ मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. बर्फाला ८ अंशांवर यायला १७० मिनिटं. तिने हिशेब मांडला: १७० मिनिटांत ग्रॅममागे ८५ कॅलरी, त्यातल्या ८ पाणी तापण्याच्या, उरल्या ७७. ती बराच वेळ त्या ७७ कडे बघत बसली होती.

वहीत आता असं आहे: “उत्कलनांक ९८ अंश सेल्सिअस. ठिकाण पुणे, उंची सुमारे ५६० मीटर.” दिवाळीत अलिबागला मावशीकडे जाणार आहोत. थर्मामीटर तिने आत्ताच बॅगेत ठेवलंय. तिथला आकडा इथेच टाकते.