अ‍ॅस्बेस्टॉसची बांधणी आणि आपला पावसाळा
रत्नागिरीहून एका वाचकाने विचारलंय की चामडी बांधणीची, लेखकाच्या सहीची भयकथेची प्रत प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळूनही बुरशी का धरते. कारण ओल आतच कोंडली गेली. जूनमध्ये गुंडाळूच नका. जानेवारीच्या कोरड्या हवेत पुस्तक आठवडाभर खोक्याबाहेर सावलीत ठेवा, मग रबरी कडेच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी) आणि छोटा आर्द्रतामापक घालून बंद करा. काटा 45 ते 55 टक्क्यांत हवा. 65 च्या वर राहिला की बुरशी आलीच, फार खाली गेला तर चामडं तडकतं. रंग बदललेले दाणे पुडीतून काढून ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास. डांबरगोळ्या मात्र नकोत, वास कायमचा बसतो.

विचित्र आवृत्त्यांची तऱ्हा निराळी. अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगच्या ‘फायरस्टार्टर’ कादंबरीच्या 1980 च्या 26 प्रती अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडात बांधलेल्या आहेत. (आगीच्या कथेला आगीला न जुमानणारं कापड!) असली बांधणी ब्रशने झाडू नका, तंतू फुप्फुसात जातात, पारदर्शक बंद पेटीतच ठेवा. किंगच्याच ‘माय प्रिटी पोनी’च्या विशेष आवृत्तीच्या पोलादी पुठ्ठ्यात तर डिजिटल घड्याळ आहे. तिथे धोका गळक्या सेलचा, आणि किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याचाही: स्टेनलेसवरसुद्धा तपकिरी ठिपके पडतात.