'मोल' हा एक शब्द की चार?

प्रश्न :
मी अनुवाद करते. परवा एका समुद्रप्रवासाच्या इंग्रजी मजकुरात 'मोल' आडवा आला. दोन माणसं मोलवर उभी राहून जहाजाची वाट बघतायत. मला ठाऊक असलेले मोल तीन : अंगावरचा तीळ, जमीन पोखरणारा मखमली कातडीचा प्राणी आणि रसायनशास्त्रातलं एकक. शब्दकोशात चौथा सापडला, लाटा अडवायला समुद्रात घातलेला दगडी धक्का. वाक्य सुटलं, पण डोक्यात भुंगा राहिला. तीळ म्हणजे उंचवटा, त्या प्राण्याने वर काढलेला मातीचा ढीग उंचवटा, धक्काही उंचवटाच. सगळ्यांचं मूळ एकच असेल का?

उत्तर १ :
उंचवट्याची कल्पना छान आहे, पण टिकत नाही. तिळाचा मोल जुन्या इंग्रजीतल्या 'माल'वरून आला, म्हणजे डाग. कापडावरच्या डागालाही तोच शब्द होता, तेव्हा उंचीचा प्रश्नच नाही. प्राण्याच्या मोलचे सख्खे शेजारी डच आणि जर्मन बोलींत आहेत. त्याचं एक जुनं इंग्रजी नाव मला फार आवडतं : 'मोल्डवार्प'. मोल्ड म्हणजे माती, वार्प म्हणजे फेकणं. माती फेकणारा! धक्का मात्र लॅटिन 'मोलेस'चा, अर्थ ढीग, अवजड वस्तू.

उत्तर २ :
मी रसायनशास्त्र शिकवते. धक्का आणि आमचा मोल भाऊबंद निघाले की! 'मोलेस'चं लघुरूप म्हणजे 'मॉलिक्यूल', इवलासा ढीग. त्याच्या जर्मन रूपावरून रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी 'मोल' काढला. २०१९पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण. आधी १२ ग्रॅम कार्बन-१२मधल्या अणूंवरून तो ठरायचा. बांधलेलं पाडणं, ते 'डिमॉलिश'सुद्धा याच घरातलं.

उत्तर ३ :
आपलं मराठी 'मोल' यात ओढू नका हं. ते संस्कृत 'मूल्य'वरून आलंय, या चौघांशी त्याचं काही नातं नाही.

प्रश्नकर्ती :
म्हणजे शब्द चार, घरं तीन. नातं निघालं ते नेमकं मला सगळ्यात लांबचे वाटलेल्या दोघांचं. 'डिमॉलिश' तर मी रोज वापरते आणि त्यात हा ढीग कधी दिसला नव्हता. माझं वाक्य आता असं झालंय : 'दोघं दगडी धक्क्याच्या टोकाला उभे राहून जहाजाची वाट पाहत होते.' 'टोकाला' मूळ मजकुरात नाही, ते काढून टाकते.