फुकटच्या फळ्या आहेत, ड्रिल नाही: चिमण्यांसाठी घरटं कसं करू?

अर्धीफळी:
आमच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटच्या पट्टीमागे चिमण्यांची एक जोडी गेले तीन आठवडे घर मांडायला बघतेय. पट्टी जराशी कलती आहे. सकाळभर आणलेलं गवत संध्याकाळी पायऱ्यांवर पडलेलं असतं. मी झाडते, दुसऱ्या दिवशी ती दोघं पुन्हा आणतात. आता मलाच लाज वाटायला लागलीय.

मागच्या वर्षी बुटांच्या खोक्याला भोक पाडून, सुतळीने गॅलरीत टांगून बघितलं. आत मऊ कापूस घातला, मूठभर धान्य ठेवलं, बाहेरून लाल रंग दिला, बसायला पेन्सिल खोचली. वर्षभर कुणी फिरकलं नाही. मुंग्या मात्र आल्या.

यंदा एका पार्सलची लाकडी पेटी फोडली, त्यातून चांगल्या पाच फळ्या निघाल्यात. रुंदी 15 सेंटिमीटर, जाडी दीड. हत्यारं म्हणजे करवत, हातोडी, एक कानस. ड्रिल नाही आणि यासाठी विकत घ्यायचं नाही. भोक केवढं ठेवू? कुठे लावू? आणि मागच्या वर्षीचं नक्की काय चुकलं, तेही सांगा, मी रागावणार नाही.

उडती_खार:
टांगलंत, तिथे चुकलं. माझ्याकडे बुटाच्याच खोक्यात दोनदा पिल्लं झालीत, पण ते छताच्या कोपऱ्यात घट्ट बसवलेलं होतं. वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या खोक्यात कोण अंडी घालेल? अर्थात पुठ्ठा एका मोसमापुरताच. माझा दुसऱ्या वर्षी दमटपणाने खालून सुटला. लाकूड मिळालंय तर लाकडाचंच करा.

गुण्या:
ताई, करवत उचलायच्या आधी त्या पेटीवर शिक्का आहे का बघा. परदेशी मालाच्या पेट्यांवर गव्हाच्या लोंबीसारखं एक चिन्ह डागलेलं असतं आणि शेजारी दोन अक्षरं. एचटी असेल तर लाकूड तापवून त्यातली कीड मारलेली आहे, खुशाल वापरा. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, त्या फळ्या पिल्लांच्या घराला नकोत. तेलाचे डाग पडलेल्या, उग्र वास येणाऱ्या फळ्याही बाजूला काढा.

आता कापणं. 15 रुंद आणि दीड जाड म्हणजे मनासारखी फळी मिळालीय तुम्हाला. यापेक्षा पातळ असती तर उन्हात तापली असती. एका घरट्याला साधारण 1 मीटर 40 सेंटिमीटर लांबी लागते, करवतीत जाणारा भुसा धरून. मागची फळी 35, पुढची 20, छत 23, तळ 12. राहिल्या दोन बाजू. त्या मागे 25 आणि पुढे 20 अशा उतरत्या हव्यात. इथे बरेच जण 25 चे दोन तुकडे कापतात आणि तिरकी पाचर फेकून देतात. तसं करू नका. 45 चा एकच तुकडा घ्या. त्याच्या एका कडेवर डावीकडून 25 वर खूण करा, समोरच्या कडेवर डावीकडूनच 20 वर. दोन खुणा रेघेने जोडा आणि त्या रेघेवर एकच काप घ्या. दोन्ही बाजू एकदम हातात येतात, वाया काही जात नाही.

बाजू पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये बसवा, म्हणजे आत 12 बाय 15 ची जागा राहते. चिमणीला पुरते. मागची फळी वर-खाली पाच-पाच सेंटिमीटर बाहेर राहील, तिथून भिंतीला पक्की करता येते. तळ अगदी खालच्या कडेला न लावता अर्धा सेंटिमीटर वर चढवा, नाहीतर बाजूंवरून ओघळणारं पाणी तळात शोषलं जातं. ड्रिल नाही म्हणून तळाला भोकं पाडत बसायला नको. चारही कोपरे कानशीने थोडे छाटा, पाणी निघायला तेवढं बास आहे.

भोकाचं. चिमणीला 32 मिलिमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या जरा वर. आणि गोलच हवं असं चिमण्यांचं काही म्हणणं नसतं. पुढच्या फळीच्या वरच्या कडेला मधोमध, 32 मिलिमीटर अंतरावर तेवढेच खोल दोन उभे काप घ्या. मध्ये आणखी चार-पाच काप द्या, करवतीच्या पात्याने हलकं पिळून त्या पट्ट्या मोडा आणि कानशीने साफ करा. वर छत बसलं की झालं दार. दारापासून तळ जवळजवळ 15 सेंटिमीटर खोल राहतो. एवढी खोली हवीच. घरटं उथळ असलं की मांजर बाहेरून पंजा घालून पिल्लू ओढते.

पुढच्या फळीची आतली बाजू रंध्याने गुळगुळीत केलेली असेल तर तिच्यावर करवतीने आडव्या रेघा ओढा, एक-दोन मिलिमीटर खोल. पिल्लं त्यांत नखं रुतवून वर चढतात. बाहेरून न दिसणारं काम आहे, त्यामुळे विकतच्या शोभेच्या घरट्यांत हे हमखास राहून जातं.

फळीच्या टोकाशी खिळा ठोकला की लाकूड तडकतं. खिळा उलटा धरून त्याच्या अणीवर हातोडीची एक टिचकी मारा, अणी बोथट करा आणि मग ठोका. टोकदार खिळा लाकडाचे तंतू फाकवत आत जातो, बोथट खिळा ते चिरडत जातो, म्हणून फळी फाटत नाही. ठोकून झालं की आत बोट फिरवून बघा, एकही टोक आत निघालेलं नको.

छत मात्र खिळ्यांनी बंद करू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून छत आणि मागची फळी यांच्या सांध्यावर आडवी ठोका. बिजागरीही तीच आणि पाणी अडवणारीही तीच. पुढून एक तार अडकवली की छत वाऱ्याने उघडत नाही.

आता तुमच्या पेन्सिलीबद्दल. मीही पहिल्या घरट्याला हौसेने काडी बसवली होती, छान रंधून, पॉलिश पेपर मारून. तीन पिल्लं निघाली. आठ-नऊ दिवसांची असताना एका सकाळी कावळा येऊन त्या काडीवर बसला, अगदी बाकावर बसावं तसा, आणि मान वाकडी करून भोकात चोच घातली. पिल्लांना वाटलं आई आली. तिन्ही चोची उघडून वर आली. मी खिडकी उघडेपर्यंत एक गेलं होतं. त्याच दिवशी काडी कापली. चिमणी भोकाच्या कडेला नखं लावून सरळ आत शिरते, तिला काडीची गरज नसते.

कापूस नको, त्याचे धागे पिल्लांच्या पायांत गुंडाळतात. धान्य नको, मुंग्या नि उंदीर येतात. शिवाय पिल्लांना ती भरवतात मुख्यतः किडे आणि अळ्या. आतून रंग बिलकूल नको. बाहेरून द्यायचा तर फिका द्या, नाहीतर लाकूड तसंच राहू द्या.

वळचणीला, जमिनीपासून तीनेक मीटरवर, दुपारचं ऊन आणि पावसाची झड थेट दारावर येणार नाही अशा बाजूला लावा. आणि एकच का करताय? पाच फळ्या आहेत ना, जमतील तेवढी करा. चिमण्यांना शेजार लागतो. दोन-तीन घरटी जवळजवळ असली की लवकर येतात.

रानवाट:
गुण्यादादांचं माप बरोबर आहे, पण एक सांगावंसं वाटतं, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच की बुलबुलासाठी केवढं भोक ठेवू. बुलबुल पेटीत येत नाही. तो झुडपात उघडी वाटी बांधतो. शिंपी पानं शिवतो, शिंजीर लोंबती पिशवी करतो, वेडा राघू मातीत बीळ खणतो. पेटी त्यांच्यासाठी, जे मुळात ढोलीत राहतात. चिमणी, साळुंकी, दयाळ, पोपट, पिंगळा. बाकीच्यांना द्यायचं असेल तर एक दाट झुडूप द्या. आणि आवारात वाळलेलं झाड असेल नि कुणाच्या अंगावर पडायचं भय नसेल, तर ते उभं राहू द्या. सुतार आणि तांबट त्यात ढोली कोरतात, ते गेले की तिथे दुसरे राहतात. आपण कितीही फळ्या कापल्या तरी त्या ढोलीची सर येत नाही.

गुण्या:
मान्य. पण ताईंच्या जिन्यात वाळलेलं झाड कुठून आणू?

खापरी:
ज्यांच्याकडे फळ्याही नाहीत त्यांच्यासाठी. मी मातीची लहान मडकी वापरते. मडक्याला भोक पाडायला गेलात तर दहातली चार फुटतात. त्यापेक्षा मडकं आडवं ठेवायचं, त्याच्या तोंडात बसेल अशी लाकडाची चकती घालायची आणि भोक त्या चकतीला पाडायचं. तोंड किंचित खाली कललेलं ठेवा, पाणी आत राहत नाही. आतून खडबडीत असलेलंच मडकं निवडा. फक्त दोरीने लोंबकळत ठेवू नका. माझं एक वाऱ्याने भिंतीवर आपटलं आणि खापऱ्या झाल्या. नशीब, रिकामं होतं. आता भिंतीला लाकडी घोडी ठोकून तिच्यावर तारेने बांधते.

प्लॅस्टिकची बाटली कापून घरटं करायचं मात्र कुणी मनात आणू नका. आत हात घालून बघा दुपारी, किती तापते ते. भिंती निसरड्या, पिल्लू चढणार कसं? पत्र्याच्या डब्याचंही तेच.

अर्धीफळी:
सगळ्यांचे आभार. शिक्का होता आणि एचटी होता! दोन घरटी झाली. बोथट खिळ्याची युक्ती कुणी आधी का सांगितली नाही मला? युक्ती वाचायच्या आधी, उत्साहाच्या भरात एक तळ फोडून बसले होते.

पण एका घरट्याचं दार बिघडलंय. करवत सरकली आणि काप रुंद झाला, मोजला तर जवळजवळ 5 सेंटिमीटर. तसंच लावलं. आज सकाळी त्यात साळुंकी शिरली, दोनदा. चिमणा समोरच्या तारेवर बसून ओरडत होता. हाकलू का तिला?

गुण्या:
हाकलून काय होणार, पाच सेंटिमीटरचं दार म्हणजे तिला आमंत्रणच आहे. अजून काड्या नेल्या नसतील तर आजच उतरवा. उरलेल्या फळीचा हातभर नको, वीतभर तुकडा घ्या, त्याला नीट 32 चा काप द्या आणि तो बाहेरून त्या दारावर ठोका. मूळ भोक झाकलं जाईल, नवीन तेवढं उघडं राहील. दार दुप्पट जाड होतं, मांजराचा पंजाही तेवढाच कमी आत जातो. खारी भोक कुरतडून मोठं करतात, त्यावरही हाच उपाय.

साळुंकीने काड्या नेल्या असतील तर मात्र राहू द्या तिला. तिलाही ढोल्या कमीच पडतात. चिमण्यांना तिसरं करा.

उडती_खार:
आणि रोज छत उघडून बघू नका. मला माहीत आहे, मोह होतो. माझ्या पहिल्या जोडीने अंडी सोडली ती माझ्या मोबाइलच्या फोटोंमुळे, याबद्दल मला शंका नाही. अंडी उबायला 11 ते 14 दिवस, पुढे पिल्लं उडायला साधारण दोन आठवडे. एवढा काळ खालून बघा. चोचीत अळी घेऊन आत जाताना दिसली की समजायचं पिल्लं निघाली. शेवटी-शेवटी तर छत उघडलं की पिल्लं घाबरून वेळेआधीच उडी मारतात.

खापरी:
सगळी उडून गेली आणि नवीन अंडी नाहीत याची खात्री झाली की जुनं गवत काढून टाका, त्यात पिसवा आणि गोचिड्या असतात. नाकाला फडकं, हातात मोजे. आत उकळतं पाणी ओता आणि कडकडीत वाळवा. कीटकनाशकाचा फवारा अजिबात नाही.

अर्धीफळी:
साळुंकीने काड्या नेल्या नव्हत्या. दाराला ठिगळ लावलं, दोन्ही घरटी जिन्याच्या वळणावर छपराखाली शेजारी-शेजारी ठोकली. बारा दिवस काही नाही. चिमणा यायचा, छपरावर बसून चिव-चिव करायचा, भोकात डोकं घालायचा, मागे व्हायचा. चिमणी आली की तिच्यासमोर हेच पुन्हा. ती आत जायची, क्षणात बाहेर, निघून जायची. घर दाखवायला आणलेल्या माणसासारखी.

काल ती गवताची लांब काडी घेऊन आली. काडी चोचीत आडवी. दारावर दोन्ही बाजूंनी अडली, पडली. खाली जाऊन तीच उचलली, पुन्हा आडवी, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी तिने काडी टोकाला धरली, आणि काडी सुळकन आत.

ती काडी आमच्याच पायरीवरची, ट्यूबलाइटमागून पडलेली. दोघं तिथलंच गवत उचलून वर नेतायत. दोन दिवस जिना झाडलेला नाही. शेजारच्या काकू विचारून गेल्या, बरं आहे ना सगळं?