पिरेनीज ओलांडणारे अंदलुसचे सुभेदार: नुसतं ७३२ च का?

निवांत_वाचक:
काल एक व्हिडिओ बघितला, त्यात सरळ असं की ७३२ ला अंदलुसचा (म्हणजे मुस्लिम स्पेनचा) सुभेदार अब्दुर्रहमान अल-गाफिकी पिरेनीज (स्पेन-फ्रान्समधले डोंगर) ओलांडून आला, पॉइटिएजवळ फ्रँकांच्या चार्ल्स मार्टेलशी गाठ पडली, मारला गेला, विषय संपला. पण त्याच व्हिडिओच्या मॅपवर नार्बोन आधीपासून हिरवं, म्हणजे मुस्लिम ताब्यात! ते तर डोंगराच्या पलीकडे आहे ना? खाली कॉमेंटमध्ये नुसती भांडणं, म्हणून इथे विचारतोय.

घाटवाट:
आधीच घेतलेलं, साधारण ७२० ला, सुभेदार अल-सम्हने. आणि व्हिडिओवाले हमखास गाळतात ती गोष्ट म्हणजे तो किनारपट्टा फ्रँकांचा नव्हताच, स्पेनवर आधी राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथांचा होता, म्हणजे ७११ पासून मुस्लिम फौजा जे राज्य गिळत आल्या त्याचाच पलीकडे उरलेला तुकडा, त्यामुळे सम्हच्या दृष्टीने ही स्वारी म्हणजे राहिलेली वसुलीच. डोंगराचं म्हणाल तर पूर्वेकडे तो समुद्राकडे उतरत जातो आणि तिथून जुना रोमन रस्ताच होता. पुढे ७२१ ला सम्ह तुलूझला वेढा घालून बसला, तेवढ्यात आक्विटेनचा (नैऋत्य फ्रान्स) ड्यूक ओडो बाहेरून फौज घेऊन आला, त्यात सम्ह गेला. उरलेलं सैन्य नार्बोनला परत कोणी आणलं? याच गाफिकीने.

जुनं_पान:
मध्ये सुभेदार अन्बसा राहिला की! ७२५ ला कार्कासोन घेतलं, तेही वाटाघाटीने, जिझिया द्यायचा आणि मुस्लिम कैदी सोडायचे वगैरे अटी घालून, आणि त्याच वर्षी ऱ्होन खोऱ्यातून पार ओतूं शहरापर्यंत जाऊन लुटून आले.
मला सगळ्यात भारी वाटतो तो मुनुझा. बर्बर सरदार, डोंगरातल्या सेर्दान्याचा अधिकारी, त्याने ओडोच्या मुलीशी लग्न करून अंदलुसशीच फारकत घेतली. गाफिकीने आधी त्याचा काटा काढला, मग ७३२ ला पश्चिमेकडच्या पाम्प्लोनाच्या बाजूने उतरला, बोर्दोजवळ ओडोला झोडपलं, आणि मग तो बिचारा (जुना वैरी असलेल्या) चार्ल्सकडे मदत मागायला गेला.

निवांत_वाचक:
म्हणजे सासरेबुवांनी बोलावून आणला होय चार्ल्सला 😄 आणि पॉइटिएनंतर नार्बोनपण गेलं?

घाटवाट:
छे, ७३७ ला चार्ल्सने स्वतः वेढा घातला तरी मिळालं नाही. ७५९ ला त्याच्या मुलाने, पेपिनने घेतलं, तेही गावातल्या गॉथांनीच आतली शिबंदी कापून काढली म्हणून. खरं नुकसान ७४० च्या बर्बर बंडाने केलं, घरातच आग लागल्यावर डोंगरापलीकडे माणसं कुठून पाठवणार. पॉइटिएला तर गाफिकीचे लोक रात्रीत गुपचूप निघून गेले, सकाळी फ्रँक फौज सावधपणे पुढे सरकली तर तंबू तसेच उभे आणि आत चिटपाखरू नाही.

जुनं_पान:
जरा विषयांतर, पण याच काळातल्या हिशाम खलिफाच्या वेळी सिंधकडून आलेल्या अरब फौजेला नवसारीजवळ चालुक्यांच्या अवनिजनाश्रय पुलकेशीने हरवलं, ७३९ चा ताम्रपट आहे. त्यात फौजेला 'ताजिक' म्हटलंय आणि पुलकेशीला मिळालेली एक पदवी आहे 'अनिवर्तकनिवर्तयितृ', म्हणजे मागे न हटणाऱ्यांना मागे हटवणारा.

निवांत_वाचक:
ही पदवी एका दमात म्हणून दाखवा कोणीतरी. नवसारीचा वेगळा धागा काढा राव, मी पहिल्या रांगेत.