कायोटी कॉलला येईनासे झालेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासात, सॅन अँजेलोच्या बाहेर राहतो. शेजारी एक आजोबा आहेत, त्यांच्या बोअर जातीच्या शेळ्या. जानेवारीत शेळ्या व्यायला लागल्या आणि करडं गायब व्हायला लागली. दोन सापडली, दोन्हींच्या नरड्यावर सुळ्यांच्या खुणा. म्हणजे कायोटीच. (ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, दोघांहून बिलंदर.) इथे त्याला बंद हंगाम नाही, माझ्याकडे लायसन्स आहे, जमीन आजोबांची आहे. भारतात बंदी आहे हे ठाऊक आहे, त्यावर धागा भरकटू नये ही विनंती.

अडचण अशी की आजूबाजूच्या सगळ्या लीजवर (शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनींवर) दर शनिवार-रविवारी शिकारी येतात, ई-कॉलर (जनावराला बोलावणारे आवाज, म्हणजे कॉल, वाजवणारं यंत्र) लावतात आणि तोच जखमी सशाचा आवाज मोठ्याने वाजवतात. मीही तेच केलं. पाच बैठकांत एकच कायोटी दिसला. मेसकीटच्या झाडीतून (आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण, काटेही तसेच) अडीचशे यार्डांवरून वळसा घातला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला, नाक वर केलं आणि गडप.

आवाज बदलू का? किती वेळ बसावं? हाऊल (कायोटीची आरोळी) वाजवली तर आणखी बुजतील का?

प्रतिसाद १
आवाजाचं नंतर बघू. पिकअप कुठे लावता? दार आपटल्याचा आवाज त्यांना सशापेक्षा चांगला ओळखता येतो. अर्धा मैल अलीकडे, खोलगटात लावा आणि चालत जा.

तुम्ही पाहिलात तो वळसा हुशार कायोटी हमखास घालतो, तेव्हा तो घालणारच असं धरून बसा. वारा आडवा घ्या, कॉलर तुमच्यापासून ४०-५० यार्ड वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. कॉलरचा वास काढायला तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला येईल तेव्हा तुमच्या समोरच्या मोकळ्या पट्ट्यातून जायला हवा. असा पट्टा नसेल तर ती जागा सोडा.

ससा सध्या बंदच. उंदराची चिकचिक किंवा पक्ष्याचा कलकलाट, तोही इतका हळू की तुम्हालाच शंका यावी. तोंडाने फुंकायचा कॉल असेल तर उत्तम, दोन माणसांचा आवाज सारखा येत नाही. जानेवारी ते मार्च हा त्यांच्या जोडीचा काळ. मादीची एकच लांब हाऊल द्या आणि दहा मिनिटं चूप. आव्हानाची हाऊल नको, मार खाल्लेला नर त्याने उलट निघून जातो. निदान पाऊण तास बसा. बुजलेला येतो तो रांगत येतो.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. शिवाय आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, आणि एकदा बसलात ती जागा महिनाभर विसरा. आजोबांकडे राखणीचे कुत्रे आहेत का? पायरनीज किंवा अ‍ॅनाटोलियन? एक कायोटी मारलात तरी रिकाम्या जागी दुसरा येतो.

धागाकर्ता
पिकअप! फाटकाशीच लावत होतो, आणि ते फाटक बैलासारखं हंबरतं. कुत्रा होता, गेल्या वर्षी म्हातारा होऊन गेला. आजोबा नवा आणायला तयार नाहीत, विषय काढला की गप्प होतात. मंगळवारी उत्तरेचा वारा आहे, ओढ्याच्या बाजूने जाऊन बघतो.