जुन्या गाडीच्या छताचं कापड लोंबतंय, घरी दुरुस्त होईल का?

कोथरूडचा_सारथी
नमस्कार मंडळी. बाबांची २००४ ची सेडान आहे, इंजिन अजून एक नंबर, पण छताचं कापड मागच्या उन्हाळ्यापासून सुटायला लागलं. आधी मागच्या काचेजवळ छोटा फुगा आला, मी लक्ष दिलं नाही, आता पार पुढपर्यंत आलंय, काचा खाली केल्या की शिडासारखं फुगतं आणि आरशात मागचं काही दिसत नाही. एका कुशनवाल्याने सिरिंजने आत गम सोडून दिला, चार दिवस बरं राहिलं मग परत सुटलं, वर पिवळे डाग पडले ते वेगळेच. हात लावला की सीटवर नारिंगी भुसा पडतो. बाबांना गाडी विकायची नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. काय करू?

नागपुरी_गॅरेज
भाऊ, तो भुसा म्हणजेच तुमचं उत्तर आहे. कापडाच्या मागे साधारण ३ मिमीचा फोम असतो आणि तो फोम वरच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो. उन्हाने नि दमटपणाने वीसेक वर्षांत तो फोम कुजून पीठ होतो. मग गम कितीही भारी असू दे, तो पिठाला धरणार, पुठ्ठ्याला नाही. म्हणून सिरिंजवर परत पैसे घालू नका, तेच जुनं कापड परत चिकटवायच्या नादीही लागू नका, पुठ्ठा खाली उतरवल्याशिवाय हे काम होत नाही.

मी माझ्या गाडीचं केलंय, दोन दिवस लागले. सनवायझर, हँडल, आतला लाइट, खांबांवरची प्लास्टिकं आणि दारांची वरची रबरं काढायची, पुढची सीट पूर्ण आडवी करून पुठ्ठा दारातून बाहेर घ्यायचा. दोघं लागतात, एकट्याने करू नका, पुठ्ठा एकदा मुडपला की ती घडी नव्या कापडातूनही दिसते. मग नायलॉनच्या ब्रशने जुना फोम हलक्या हाताने पूर्ण घासून काढायचा, मास्क लावून, आणि ह्यात आळस नको कारण जिथे पीठ राहील तिथूनच परत सुटणार. तारेचा ब्रश वापरू नका, पुठ्ठा खरवडला जातो.

कापड मागे फोम असलेलंच घ्या, नुसतं कापड लावलं तर पुठ्ठ्याचे खड्डे दिसतात आणि गम आरपार येतो. गम उष्णता सहन करणारा, पुठ्ठ्याला आणि कापडाच्या फोमच्या बाजूला, दोन्हीकडे लावायचा. सुतारकामाचा पांढरा फेविकॉल अजिबात नको, आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, बंद गाडीत छताला किती तापत असेल विचार करा. दोन्हीकडे पातळ थर लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग कापड मधोमध टेकवून तळव्याने कडेकडे दाबत न्यायचं. अर्धं कापड दुमडून ठेवा, एक अर्धं झालं की दुसरं. लाइटची भोकं सगळ्यात शेवटी कापा.

रत्नागिरीचा_काका
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, फक्त दोन गोष्टी घालतो. एक, ह्या गमाचा धूर डोक्यात जातो आणि पेटतोही, तेव्हा गच्चीवर करा, जवळ गॅस किंवा सिगरेट नको. दुसरी जास्त महत्त्वाची. खांबाच्या प्लास्टिकवर एअरबॅग लिहिलंय का ते आधी बघा, असेल तर आत हात घालू नका, तेवढं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. पद्मिनी नि ॲम्बॅसेडरच्या काळात ही भानगड नव्हती, रेक्झिनचं छत आडव्या तारांवर ताणलेलं असायचं, कुजायला फोमच नाही.
तोपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर पिळून बसणाऱ्या पिना मिळतात त्या लावा, टाचण्या नकोत, ब्रेक मारला की सुटून अंगावर येतात. आरशात मागचं दिसत नसताना हायवेला तर जाऊच नका हो.

कोथरूडचा_सारथी
खूप आभार दोघांचे! एअरबॅग नाहीयेत, बघितलं. कापड किती आणू आणि रंग नेमका तोच मिळेल का?

नागपुरी_गॅरेज
पुठ्ठा आधी उतरवा, मापा, आणि चारही बाजूंनी अर्धा फूट जास्त धरा, खोलगट भागांत कापड खातं. साधारण दोन-अडीच मीटर लागेल, पण पन्हा नक्की बघून घ्या, मध्ये जोड देऊन चालत नाही. रंगासाठी जुन्या कापडाचा तुकडा घेऊन नाना पेठेत फिरा, आणि सनवायझरशी जुळवा कारण ते जुनेच राहणार आहेत.

कोथरूडचा_सारथी
झालं! शनिवार-रविवार मी आणि भाऊ, नुसता जुना फोम काढायलाच चार तास गेले. उजव्या सनवायझरजवळ एक बारीक सुरकुती राहिलीय, तिथे गम जरा लवकर टेकला. बाकी एकदम सपाट. बाबा आज स्वतः चालवत मंडईत जाऊन आले.